पायमू: स्वस्त तुळई की ताठ तुळई?

वेल्डिंगने जोडलेली तुळई स्वस्त करायला जावे तर ती भाराखाली अधिक वाकते, आणि ताठ ठेवावी तर पोलाद अधिक लागते. बहुउद्दिष्ट इष्टतमीकरण (एकमेकांच्या आड येणारी अनेक उद्दिष्टे एकाच वेळी शक्य तितकी चांगली साधणे) शिकवताना हमखास येणारे हे जुने उदाहरण, ६,००० पौंड भार आणि १४ इंच लांबी या नेहमीच्या आकड्यांसह, मी ‘पायमू’ या पायथॉन लायब्ररीवर चालवून पाहिले.

ज्युलियन ब्लँक आणि कल्याणमय देब यांनी २०२० मध्ये सादर केलेली ही लायब्ररी मोफत व मुक्तस्रोत आहे. देब आज मिशिगन स्टेट विद्यापीठात असले, तरी तिच्या गाभ्याशी असलेला एन.एस.जी.ए.-२ हा पिढ्यानपिढ्या आराखडे सुधारत नेणारा अल्गोरिदम आयआयटी कानपूरमधला असून तो मांडणारा शोधनिबंध २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती सांगायला सोपी आहे. जुनी पिढी आणि नवी पिढी एकत्र करायची, कोणता आराखडा कोणावर सर्व बाजूंनी मात करतो हे पाहून थर लावायचे आणि शेवटच्या थरात जागा अपुरी पडली, तर ज्याच्या आसपास गर्दी कमी त्याला आधी घ्यायचे. त्यामुळे चांगले आराखडे हातचे जात नाहीत आणि सगळे एकाच कोपऱ्यात गोळाही होत नाहीत.

तुळईच्या आलेखात हे स्पष्ट दिसते. स्वस्त टोकाला खर्च साधारण २.४ एकक आणि वाक सुमारे ०.०१६ इंच, तर ताठ टोकाला वाक केवळ ०.०००४४ इंच, पण खर्च ३६ एककांच्या आसपास. या दोहोंमधला वक्र हीच खरी कमाई, कारण थोड्या जास्त खर्चात ताठपणा किती वाढतो आणि कुठून पुढे पैसा नुसता जिरतो, हे त्यावरून डोळ्यांनी कळते. वक्रावरचा एक बिंदू निवडण्यासाठी भारांकांवर (कोणत्या उद्दिष्टाला किती महत्त्व, ते सांगणाऱ्या आकड्यांवर) आधारलेली साधनेही लायब्ररीत आहेत. मात्र भारांक आपणच द्यायचे असतात, आणि ते मला योग्य वाटते.

उणिवा आहेत. प्रत्येक उद्दिष्ट किमान करायचे आणि मर्यादा घालणारी प्रत्येक असमतेची अट ‘शून्य किंवा कमी’ अशीच लिहायची, हा नियम साधा असला तरी एखादे ऋण चिन्ह विसरले तर प्रोग्रॅम तक्रार न करता चुकीचा वक्र काढून देतो (माझा पहिला वक्र असाच निघाला होता, आणि दिसायला तो फारच सुबक होता). ०.६ मालिकेत आज्ञांची रचना बदलल्यामुळे जुन्या धड्यांतला कोड बऱ्याचदा जसाच्या तसा चालत नाही. नवख्याने आवृत्ती पाहूनच उदाहरण उचलावे.

मोठी मर्यादा मात्र लायब्ररीची नसून पद्धतीचीच आहे. १०० आराखड्यांच्या २०० पिढ्या म्हणजे २०,००० मूल्यमापने. तुळईची सूत्रे कागदावर मावणारी असल्याने हे काम क्षणांत उरकते. पण प्रत्येक मूल्यमापनासाठी एक मिनिटाचे संगणकीय विश्लेषण लागणार असेल, तर एकाच संगणकावर जवळपास १४ दिवस जातील. शिवाय सुरुवात यादृच्छिक असल्यामुळे एका धावेवर विश्वास ठेवता येत नाही. वेगवेगळे सीड (यादृच्छिक सुरुवात ठरवणारे आकडे) देऊन निदान दहा धावा करून पाहाव्यात. उद्दिष्ट एकच असेल आणि फलन गुळगुळीत असेल, तर उताराच्या दिशेने जाणाऱ्या जुन्या पद्धती याहून कितीतरी लवकर उत्तर देतात. तिथे पायमू वापरण्याचे कारण मला दिसत नाही.