डीआरव्ही८८२५ स्टेपर ड्रायव्हर: घ्या, पण फॉल्टची वायर जोडून घ्या

छोट्या सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन) ए४९८८ हा स्टेपर ड्रायव्हर, म्हणजे मोटर एकेक स्टेप फिरवणारी चिप, काढून डीआरव्ही८८२५ टाकायचा विचार चालू आहे त्यांच्यासाठी लिहितोय, कारण जो तो फक्त अँपिअर आणि मायक्रोस्टेप (एका स्टेपचे बारीक भाग) सांगतो, फॉल्ट आल्यावर, म्हणजे तापून किंवा शॉर्ट होऊन बंद पडल्यावर, चिप वागते कशी ते कुणी बोलत नाही आणि आपल्या खान्देशात खरा प्रश्न तोच आहे. माझं शेड जळगावला, पत्र्याचं, काम सागवानी देव्हाऱ्यांच्या नक्षीचं. मे महिन्यात बाहेरच ४४-४५ डिग्री, कंट्रोल बॉक्समध्ये तर हात घालवत नाही.

चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, ८.२ ते ४५ व्होल्ट, कागदावर २.५ अँपिअर, पण हीटसिंक-पंख्याशिवाय दीडच्या वर अपेक्षा ठेवू नका.

आता मुद्द्याचं. चिपच्या आतलं तापमान साधारण १६० डिग्रीला गेलं की मोटरला करंट देणारे सगळे मॉसफेट (आतले स्विच) बंद, मोटर ढिली, आणि जरा थंड झाली की आपोआप परत चालू. ऐकायला छान वाटतं पण घात इथेच आहे, कारण कंट्रोलरला यातलं काहीच कळत नाही, तो स्टेपचे पल्स पाठवतच राहतो. एक्स दिशेची मोटर गप्प, वाय आणि झेडच्या चालूच, बिट (कोरणारं पातं) एकाच रेषेत घासत बसतं, मग एक्स जागा होतो आणि पुढची सगळी नक्षी बोटभर सरकून कोरली जाते, कमळाची पाकळी थेट देठावर. चिपला काही होत नाही, फळी मात्र गेली ना भाऊ, आणि सागाचे भाव सगळ्यांना माहीत आहेत.

शॉर्ट झालं तर मात्र ती बंद पडून बंदच राहते, रिसेट द्या नाहीतर सप्लाय काढून परत लावा तेव्हाच उठते. हे वागणं मला फार आवडलं, गरमीतही तिने असंच करायला हवं होतं.

ए४९८८ लाही थर्मल शटडाउन (तापल्यावर बंद पडणं) आहेच, पण बिघाड कळवणारी फॉल्टची पिनच नाही. डीआरव्हीला आहे, थर्मल किंवा ओव्हरकरंट (शॉर्टसारखा जादा करंट) झालं की ती लो होते, म्हणजे शून्य व्होल्टकडे जाते. अडचण अशी की नेहमीच्या सीएनसी शिल्डवर (ड्रायव्हर बसवायचा बोर्ड) त्याच जागी ए४९८८ चा व्हीडीडी, म्हणजे चिपच्या ५ व्होल्ट सप्लायची पिन, येतो, म्हणजे फॉल्ट थेट ५ व्होल्टला बांधलेला, सिग्नल मिळणार कुठून? ती एक पिन सॉकेटबाहेर काढायची आणि कंट्रोलरमधल्या जीआरबीएल सॉफ्टवेअरच्या फीड होल्डला (मशीन थांबवायचा इनपुट), म्हणजे अर्डुइनो उनोच्या ए१ पिनला न्यायची. ड्रायव्हरच्या बोर्डवर फॉल्ट आणि स्लीप (चिप झोपवायची पिन) यांच्यामध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आहे, त्यामुळे रिसेट-स्लीपला वेगळे ५ व्होल्ट नक्की द्या, नाहीतर ड्रायव्हर झोपूनच राहू शकतो. आता फॉल्ट आला की मशीन थांबतं आणि चिप थंड झाली तरी आपण सायकल स्टार्ट (पुढे चालू करायची आज्ञा) दिल्याशिवाय हलत नाही. स्टेप चुकलेल्या असतातच, होमिंग (मशीन मूळ जागी नेऊन शून्य धरणं) परत करावंच लागतं, पण फळी आणि बिट दोन्ही वाचतात.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक कापला कारण ओव्हरव्होल्टेजचं प्रोटेक्शन नाही, १२ व्होल्टचा सप्लाय असला तरी लावताना उसळी ४५ च्या वर जाऊ शकते, तेव्हा मोटर सप्लायला ड्रायव्हरजवळच १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आणि पॉवर चालू असताना मोटरची वायर अजिबात काढू नका.