कराराची नोकरी, दोघांच्या नावावर गृहकर्ज आणि कोऱ्या अर्जावरच्या आमच्या सह्या

माझी नोकरी वर्षाच्या कराराची, नवऱ्याची कायम. त्याच्या एकट्याच्या पगारावर हवं तेवढं कर्ज बसत नव्हतं, म्हणून दोघांच्या नावावर अर्ज करायचं ठरवलं. दोन बँकांनी सांगितलं, करार संपायला 4 महिनेच उरलेत, मुदतवाढीचं पत्र आणा मग बघू. उत्तर सरळ होतं. आम्ही मात्र तो नकार समजलो आणि एका एजंटकडे गेलो.

ओळखीतूनच नाव मिळालं होतं. "ताई, कराराचं टेन्शन घेऊ नका. आतली माणसं आपलीच आहेत." कर्जाच्या 2 टक्के 'फाइल खर्च' त्याने आगाऊ घेतला, तोही रोख. पावती मंजुरीनंतर देतो म्हणाला. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, कराराची प्रत, सगळं दिलं. अर्जावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या, तिथे आम्ही सह्या केल्या. रकाने कोरेच होते. नवरा थबकला होता. मीच म्हटलं, "कर ना सही, उशीर होतोय." ते अजून टोचतं.

चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर मंजुरीपत्र आलं, लेटरहेड आणि शिक्क्यासकट. त्याच्या भरवशावर आम्ही घरमालकाला इसार देऊन टाकला.

पुढच्याच आठवड्यात बँकेने पडताळणीसाठी माझ्या ऑफिसात फोन केला. एचआरने खरं ते सांगितलं: करारावर आहे. अर्जात मात्र मी 'कायम' होते. सोबत माझ्या कंपनीचं नेमणूकपत्र जोडलेलं होतं, जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. अर्ज फेटाळला गेला. मंजुरीपत्र बँकेने दिलेलंच नव्हतं. शाखेतल्या अधिकाऱ्यांनी अर्ज समोर ठेवून विचारलं, "सही तुमचीच ना?" काय बोलणार? ऑफिसातही लेखी खुलासा द्यावा लागला. एजंटचे मेसेज मी जपून ठेवले होते म्हणून नोकरी वाचली. मुदतीत पैसे उभे राहिले नाहीत आणि इसार बुडाला. एजंटचा फोन तेव्हापासून बंद आहे.

त्याच अधिकाऱ्यांनी नंतर शांतपणे समजावलं. कराराची नोकरी म्हणून दार बंद होतंच असं नाही. त्याच क्षेत्रात किती वर्षं काम केलं, करार किती वेळा वाढला, मध्ये खंड पडला का, हे पाहिलं जातं. कधी अशा उत्पन्नाचा काही भागच धरतात, कधी स्वतःची रक्कम जास्त भरायला लावतात. माझा करार त्याआधी 3 वेळा वाढला होता. खरी कागदपत्रं घेऊन थांबले असते तर कदाचित जमलंही असतं.

आणखी एक गोष्ट. एजंट म्हणायचा, हप्ता दोघांत अर्धा-अर्धा. संयुक्त कर्जात तसं नसतं. माझा करार वाढला नाही, तर बँक पूर्ण हप्ता नवऱ्याकडून मागणार. एकट्याच्या पगारात तो झेपेल का, हा हिशोब आम्ही एकदाही मांडला नव्हता.

पोलिसांत आणि बँकेत लेखी तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. तुमचाही अर्ज कुणामार्फत गेला असेल तर उद्याच स्वतः शाखेत जा, जमा झालेल्या अर्जाची प्रत मागा आणि नोकरीच्या रकान्यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. मंजुरीपत्रही तिथेच दाखवून खरं आहे का विचारा. इसार त्यानंतरच द्या.