दोघांत एकच ८×४२ दुर्बीण: किनारा, जंगल आणि आठ महिन्यांनंतरची डायॉप्टर रिंग

डायॉप्टर रिंग (उजव्या डोळ्याचा फोकस वेगळा जुळवणारी रिंग) सैल झाली म्हणून पाठवलेली दुर्बीण सर्व्हिस सेंटरमधून परत आली, जशी पाठवली होती तशीच. सोबत दोन ओळींचं उत्तर: डायॉप्टर रिंग वापरणाऱ्यानं फिरवायची असते, ती सैल होणं हा वॉरंटीतला दोष नाही, उघडून घट्ट करायची तर आत धुकं धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन जाईल आणि जलरोधक असल्याची हमी संपेल. रिंग वापरणाऱ्यानं फिरवायची, हे मान्य. पण फिरवून जिथे ठेवली तिथे ती राहते की नाही, हे बघणं बनवणाऱ्याचं काम आहे. आठ महिन्यांच्या वापरानंतर या दुर्बिणीबद्दल सांगण्यासारखं बरंच आहे आणि त्यातलं बहुतेक चांगलंच आहे. तरी सुरुवात रिंगपासून करतोय, कारण दुर्बीण दोघांत मिळून वापरायची म्हटलं की सगळं तिथेच येऊन अडतं.

८×४२ (आठ पट मोठं चित्र, पुढचं भिंग ४२ मिमी), रूफ प्रिझम (चित्र सुलटं करणाऱ्या आतल्या काचांचा एक प्रकार), जवळचा फोकस २ मीटर, वजन ६८० ग्रॅम. बाकीचे आकडे खोक्यावर आहेतच. वापर असा: समोर किनारा, मागे उष्ण कटिबंधातलं सदाहरित जंगल, मध्ये राहायची झोपडी. ओहोटीला वाळूवरचे खेकडे आणि पाणपक्षी, दुपारी शेंड्यावरची माकडं, दिवेलागणीला रांगेनं बाहेर पडणारी मोठी वटवाघळं. माणसं दोन, दुर्बीण एक. तेवढ्याच पैशात ८×२५ च्या दोन लहान दुर्बिणी आल्या असत्या. पण ४२ ला ८ ने भागा, डोळ्यापर्यंत येणारा प्रकाशाचा झोत ५.२५ मिमी रुंद मिळतो. ८×२५ मध्ये तो जेमतेम ३.१ मिमी. दाट झाडीखाली डोळ्याची बाहुली त्याहून मोठी उघडलेली असते, त्यामुळे लहान दुर्बिणीत पानांमागचं सगळं काळपट दिसतं. दोनाऐवजी एक चांगली घेतली, ते अजूनही बरोबर वाटतं.

आता रिंग. बहुतेकांच्या दोन डोळ्यांचा नंबर तंतोतंत सारखा नसतो. मधलं चाक दोन्ही बाजूंचा फोकस एकदम हलवतं. उजव्या आयपीसवरची, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगावरची, रिंग फक्त दोन डोळ्यांमधला फरक भरून काढते. ती लावायची रीत अशी. पन्नासेक मीटरवरची ठळक कडा निवडा, फांदी किंवा नारळाचं खोड चालेल. उजव्या नळीचं पुढचं भिंग झाकणानं झाका आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावं भिंग झाका, चाकाला अजिबात हात न लावता रिंग फिरवून उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. डोळा मिटून हे करू नका. मिटलेल्या डोळ्यामुळे उघड्या डोळ्यावरही ताण येतो आणि रिंग चुकू शकते. रिंग एका टोकाला नेऊन हळूहळू परत आणा, स्पष्ट दिसलं की तिथेच थांबा, पुढे जाऊन मागे येऊ नका. असं तीनदा करून पाहा. तीनही वेळा रिंग एकाच खुणेवर थांबली तर ती जागा तुमची.

आमच्यात एकाची जागा शून्यावर, दुसऱ्याची पाऊण नंबर वजा बाजूला. म्हणजे दुर्बीण हातातून हातात गेली की दर वेळी रिंग फिरवायची. या मॉडेलमध्ये रिंगला कुलूप नाही, फिरवताना टकटक लागणारे खाचेही नाहीत. गळ्यातून काढताना, पिशवीत टाकताना, नुसत्या शर्टाला घासूनही ती सरकते. बिजागरीचा असा त्रास नाही. डोळ्यांमधलं अंतर एकाचं ५९ मिमी, दुसऱ्याचं ६६. बिजागरी चुकली तर कडेला काळी कोर दिसते आणि हात आपोआप ती नीट करतो. रिंग चुकली तर असं काहीच दिसत नाही. चित्र बरं दिसतं, फक्त किंचित मऊ. माणूस मधलं चाक पुढे-मागे करत राहतो, एक डोळा स्पष्ट झाला की दुसरा जातो, आणि अर्ध्या तासानं कपाळ दुखायला लागतं. दोन्ही डोळे फोकससाठी एकत्रच जुळवून घेतात, एकानं एक आणि दुसऱ्यानं वेगळं असं त्यांना जमत नाही. पाऊण नंबरचा फरक कितीही तरुण डोळ्यांना स्वतःहून भरून काढता येत नाही.

पहिले दोन महिने हा दोष लक्षातच आला नाही, कारण तेव्हा वापर जास्त करून किनाऱ्यावर होता. भर उन्हात बाहुली २ ते ३ मिमीपर्यंत आकसते आणि बारीक छिद्रातून फोकसची चूक झाकली जाते. शिवाय किनाऱ्यावर सगळं लांब असतं. आठ पट दुर्बिणीत डोळ्याला करावी लागणारी जुळवाजुळव आठच्या वर्गानं, म्हणजे ६४ पटीनं वाढते: ६४ मीटरवरच्या पक्ष्यासाठी १ डायॉप्टर (चष्म्याचा नंबर मोजायचं एकक), १० मीटरवरच्यासाठी ६.४, आणि ८ मीटरवरच्यासाठी थेट ८. म्हणून वाळूवर एकदा चाक लावलं की तासभर हात लावावा लागत नाही, आणि जंगलात पक्षी दोन मीटर अलीकडच्या फांदीवर आला तरी सगळं नव्यानं. त्यात अंधारामुळे बाहुली जास्त उघडलेली. रिंगची चूक तिथे लपत नाही. दुकानाच्या दारात उजेडात उभं राहून दुर्बीण तपासली तर हा दोष कधीच सापडणार नाही. सावलीत, दहा मीटरच्या आतली वस्तू बघून तपासा.

चौथ्या महिन्यात मत थोडं बदललं. दोघंही चष्मा लावून बघत असतील आणि चष्म्याचे नंबर बरोबर असतील तर दोघांचीही रिंग शून्यावरच येते, कारण डोळ्यांमधला फरक चष्म्यानं आधीच भरून काढलेला असतो. मग ती हलवायचं कारणच उरत नाही. ज्यांना सिलिंडर नंबर (अ‍ॅस्टिग्मॅटिझम) आहे त्यांनी तर चष्मा काढूच नये. तो दोष दुर्बिणीच्या कुठल्याही चाकानं जात नाही. यासाठी आयपीसपासून डोळ्यापर्यंत निदान १५-१६ मिमी जागा लागते. इथे १७ आहे आणि आयकप (आयपीसभोवतीची वर-खाली होणारी कड) पूर्ण खाली केले की चित्राच्या कडेचा अगदी थोडा भाग जातो, मधलं सगळं मिळतं. किनाऱ्यावर ही युक्ती पूर्ण यशस्वी. जंगलात अर्धीच, कारण घामाच्या वाफेनं चष्मा धुकटतो आणि तो पुसेपर्यंत फांदी रिकामी झालेली असते. त्यामुळे जंगलात पुन्हा चष्म्याशिवाय, पुन्हा आयकप वर, पुन्हा रिंग.

सहाव्या महिन्यात मात्र वेगळंच समोर आलं, आणि ते आधी कळलं असतं तर सर्व्हिस सेंटरला पाठवण्याचा खर्च वाचला असता. रिंग शून्याच्या खुणेवर असूनही उजवा डोळा अस्पष्ट. रिंगवरचं रबर अंगठ्यानं दाबून फिरवलं तर रबर फिरतं, आतली धातूची रिंग जागची हलत नाही. खुणा छापलेल्या रबरावर, काम करणारी रिंग धातूची, आणि दोघांची फारकत झालेली. म्हणजे मधल्या काही आठवड्यांत ‘रिंग सरकते’ म्हणून जी चिडचिड झाली, तिच्यातल्या निम्म्या वेळी रिंग जागेवरच होती, खूण खोटं सांगत होती.

कारण डास. डीट असलेलं मलम किंवा फवारा हातावर लावायचा आणि त्याच बोटांनी रिंग फिरवायची, हे रोजचं. डीट अनेक प्लॅस्टिक आणि कृत्रिम रबरं मऊ करतं, फुगवतं. इथे रबर फुगून ढिलं झालं आणि घसरायला लागलं. अंगठा जिथे टेकतो तिथे दुर्बिणीच्या अंगावरचं रबरही चिकट झालंय. दमट जंगलात वन्यजीव बघण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूला हे रबर वापरणं ही खरी चूक आहे. कुलूप नसणं त्यापुढे लहान. डीटऐवजी पिकारिडिन असलेलं औषध घ्या, ते प्लॅस्टिकला इजा करत नाही. डीटच लावायचं असेल तर तळहात आणि बोटं साबणानं धुऊन मगच दुर्बिणीला हात लावा. सनस्क्रीनचंही तेच: आयपीसवर त्याचा तेलकट थर बसला की प्रकाशाभोवती वलयं दिसतात, आणि माणूस भिंगाला दोष देतो.

दुरुस्ती घरची. फुगलेलं रबर लाकडी काडीनं हळूच उचकटून काढलं. सुरी किंवा पेचकस नको, खाली सील असू शकतं. धातूची रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसानं पुसली, कापूस ओला पण गळता नको. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची ८ मिमी रुंद चकती कापून रिंगवर चढवली. ट्यूब चपटी केल्यावर तिची रुंदी रिंगच्या निम्म्या परिघापेक्षा कमी हवी, तरच ती ताणून बसते. आमच्या रिंगचा व्यास ३८ मिमी, निम्मा परीघ ६० च्या आसपास, त्यावर ५० मिमीची ट्यूब घट्ट बसली. गोंद लावलेला नाही, कारण तो ओघळून खाली गेला तर रिंग कायमची अडकेल. ट्यूबच्या ताणामुळे रिंगही जरा जड फिरते, म्हणजे आपोआप सरकणं जवळपास थांबलं. सहा आठवडे झाले, फुगवटा नाही, घसरण नाही.

खुणा आता थेट धातूवर, नेलपॉलिशच्या. आधी एकाचा लाल आणि दुसऱ्याचा पांढरा ठिपका केला होता, तो विचार चुकला. समुद्री कासवांच्या किनाऱ्यावर रात्री पांढरा दिवा लावायचा नसतो, त्यानं पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे वळतात. लाल दिवा वापरला की लाल आणि पांढरा सारखेच दिसतात. म्हणून बोटाला कळणारे ठिपके केले: एकाचा एक, दुसऱ्याचे शेजारी दोन, आणि न फिरणाऱ्या अंगावर एक जाड ठिपका, ज्याच्या समोर ते आणायचे. नेलपॉलिशचे तीन थर, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा. डोळ्यापासून दुर्बीण न काढता दोन सेकंदांत रिंग जागेवर येते. हे बनवणाऱ्यानं कारखान्यातच करता आलं असतं.

बाकी दुर्बिणीबद्दल तक्रार थोडी. मागून उजेड असलेल्या पानांच्या कडेला जांभळी रेघ दिसते, पण मधोमध नाही. मधलं चाक एका पूर्ण फेऱ्यात २ मीटरपासून क्षितिजापर्यंत जातं, जंगलात असंच हवं. ६८० ग्रॅम गळ्यात दिवसभर बोचतात. पट्टा फेकून दोन्ही खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावा, मात्र दर वेळी दुसऱ्याला देताना तो उतरवायचा नसेल तर झटकन सुटणारे क्लिप असलेलाच घ्या.

खारं पाणी उडालं तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं धुवा, दुसऱ्या दिवशी नाही. आधी फुंकणीनं वाळू उडवा, मग पाणी ओता, थेंब मऊ कापडानं टिपा. कोरडं पुसलं की वाळूचा एक कण भिंगाच्या लेपावर कायमची रेघ ओढतो. आयकप वर-खाली करताना करकर वाजलं तर आत वाळू आहे. काही दुर्बिणींचे आयकप पूर्ण उघडून ओढले की निघतात, धुऊन परत बसवता येतात.

वातानुकूलित खोलीतून बाहेर आणली की भिंगं बाहेरून धुकटतात. नायट्रोजन फक्त आतलं धुकं थांबवतो. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली की दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. खोली २४ वर असेल तर धुकं ठरलेलंच. बंद पिशवीतच अर्धा तास बाहेर ठेवा. सोबत आलेली कापडी पिशवी मात्र साठवणीला वापरू नका, ती ओल धरते आणि भिंगावर बुरशीची जाळी धरते. घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ते संपले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा नारिंगी होतात.

एक दुर्बीण दोघांत फिरते तेव्हा ती पडण्याची शक्यताही दुप्पट. आत काही खुळखुळत नसलं तरी प्रिझम किंचित हललेलं असू शकतं, आणि त्याचीही डोकेदुखी रिंगच्या चुकीसारखीच लागते. दोन्ही वेगळं ओळखायला किनाऱ्यासारखी जागा नाही. दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरा आणि दोन वर्तुळांतली समुद्राची क्षितिजरेषा बघा. रेषा दोन्हीत एकाच उंचीवर असेल तर प्रिझम बहुधा ठीक आहे, रिंग तपासा. एकीत वर आणि दुसरीत खाली असेल तर रिंगला हात लावू नका, ते काम दुरुस्तीवाल्याचं. आमची आठ महिन्यांनंतरही सरळ आहे.