सॅव्हेज ९९ (.३०० सॅव्हेज, १९५३): सत्तरी ओलांडलेली रायफल, अजून रानात नेण्याजोगी

जुनी लिव्हर रायफल (चापाखालची दांडी खालीवर करून काडतूस चढवायची रायफल) म्हटलं की डोळ्यांपुढे विंचेस्टर ९४ उभी राहते. त्यात नवल नाही, जॉन ब्राउनिंगच्या त्या आराखड्यावर सत्तर लाखांहून जास्त रायफली बनल्या. तरीही अमेरिकेच्या पूर्वेकडच्या दाट रानात हरणाच्या शिकारीसाठी एकच जुनी लिव्हर रायफल घ्यायची असेल, तर मी सॅव्हेज ९९ घ्या म्हणेन. भिंतीवर टांगायला नव्हे, वापरायला.

माझी ९९ईजी आहे, चोवीस इंची नळीची, .३०० सॅव्हेज काडतुसाची. साल १९५३. हे साल रायफलच सांगते: लिव्हर रिसीव्हरला, म्हणजे रायफलीच्या मधल्या धातूच्या सांगाड्याला, जिथे मिळते, तिथल्या गोलसर भागावर एका छोट्या वर्तुळात अक्षर ठोकलेलं असतं. १९४९ साली 'ए'पासून सुरुवात झाली, माझ्या रायफलवर 'ई' आहे. म्हणजे ती मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सच्या कारखान्यातली. त्याआधीच्या न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावच्या.

मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहते आणि एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीचं काम बघते. रायफल इथल्याच एका दुकानात, वापरलेल्या मालाच्या रांगेत मिळाली. साडेआठशे डॉलर. सरकारी फॉर्म भरला, दुकानदाराने राज्य पोलिसांच्या तपासणी यंत्रणेला फोन लावला, मंजुरी आली आणि रायफल घरी आली. ब्लूइंग (धातूवरचा निळसर-काळा थर) कडांवर झिजलेलं, रिसीव्हरच्या खालच्या बाजूला, जिथे हातात धरून चालतात तिथे, धातू चांदीसारखा उघडा पडलेला. मला ती झीज आवडते. कोणीतरी ही रायफल वर्षानुवर्षं हातात धरून डोंगर चढलंय, हे त्यावरून कळतं.

आमचं लहानपण किर्लोस्करवाडीत गेलं, बाबा टर्नर. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना रिसीव्हर जवळून दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे ओतीव नव्हे गं. अख्ख्या ठोकळ्यातून काढलंय. आणि तेव्हा सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) कुठलं आलं?" मग त्यांनी बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) मागेपुढे करायला लावला, आवाज ऐकला, आणि पुन्हा एकदा करायला लावला. बंदुकीत त्यांना काडीचा रस नाही, पण त्या सरकण्यात त्यांना जे ऐकू आलं तेच मलाही हाताला जाणवतं. लिव्हर खाली गेली की बोल्टचा मागचा भाग आधी खाली उतरतो, मग सगळा बोल्ट मागे येतो. लिव्हर वर घेतली की तो पुढे जातो आणि त्याचा मागचा भाग वर चढून रिसीव्हरच्या खाचेत घट्ट बसतो. कुठे खडखड नाही, कुठे अडखळणं नाही.

हा आराखडा आर्थर सॅव्हेजचा. १८५७ साली जमैकातल्या किंग्स्टनमध्ये जन्मलेला हा माणूस युटिकामध्ये घोड्यांच्या आणि विजेच्या ट्रामच्या धंद्यात होता, आणि बाकीच्या वेळात रायफलीवर डोकं चालवायचा. अमेरिकन लष्कराच्या १८९२च्या चाचण्यांना त्याने आपली रायफल पाठवली होती, निवड मात्र क्रॅग-यॉर्गेनसन रायफलीची झाली. मग १८९४ साली त्याने कंपनी काढली. पहिलं, १८९५चं मॉडेल मार्लिन या दुसऱ्या बंदूक कंपनीच्या कारखान्यातून बनवून घेतलं, आणि १८९९ साली जे मॉडेल आलं तेच थोड्याफार फरकाने जवळजवळ शंभर वर्षं चाललं.

आता मुद्द्याचं. विंचेस्टर किंवा मार्लिनमध्ये काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत एकामागे एक बसतात. मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, नेमकं जिथे टोपी (आतली दारू पेटवणारा भाग) असते तिथे टेकलेलं. टोकदार गोळी घातली आणि धक्क्याने टोपी उडाली तर अनर्थ. म्हणून त्या रायफलींना चपट्या तोंडाच्या गोळ्या लागतात, आणि चपटी गोळी हवेत लवकर वेग गमावते. सॅव्हेजने काडतुसं आडव्या रांगेत ठेवलीच नाहीत. रिसीव्हरच्या पोटात खाचा पाडलेला एक फिरता दांडा आहे. रहाटगाडग्यात प्रत्येक गाडगं आपापल्या जागी असतं, तसं प्रत्येक काडतूस आपल्या खाचेत, दुसऱ्याला न टेकता. पाच दांड्यावर, सहावं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकात. त्यामुळे लिव्हर रायफलीत टोकदार गोळी बिनधास्त चालते. रिसीव्हरच्या डाव्या बाजूला एक बारीक खिडकी आहे, तिच्यात आत किती उरली तो आकडा दिसतो. थंडीत हातमोजे घालून उभं असताना त्या खिडकीकडे एक नजर टाकली की बास.

बाहेरून घोडा (चाप ओढल्यावर आपटणारा भाग) नाही, म्हणजे झुडपात अडकायला काही नाही. रायफल आतून ताणलेली, म्हणजे झाडायला तयार, असली की मागच्या पट्टीवर एक छोटी खिळी वर येते, अंगठ्याने चाचपून कळते. काडतुसाची रिकामी पुंगळी वर न उडता उजव्या बाजूला पडते, म्हणून वर दुर्बीण लावायला अडचण नाही. एकोणिसाव्या शतकातल्या माणसाने हे सगळं एका रायफलीत बसवलं, याचं मला दर हंगामात नव्याने कौतुक वाटतं.

.३०० सॅव्हेज हे काडतूस १९२० सालचं. लहान यंत्रणेच्या रायफलीतून .३०-०६ या मोठ्या काडतुसाच्या त्या काळच्या माऱ्याजवळ जायचं, हा त्यामागचा हेतू. कारखान्याच्या १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळीचा वेग नळीच्या तोंडाशी सुमारे २,६३० फूट प्रति सेकंद. विंचेस्टर ९४च्या नेहमीच्या .३०-३० काडतुसाची तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे २,३९० फुटांनी निघते. पुढे .३०८ विंचेस्टर आणि नाटोचं ७.६२ ही काडतुसं ज्या प्रयोगांतून आली, त्यांची सुरुवातही याच पुंगळीपासून झाली. माझ्या रायफलवर नेम धरायला मागे पीप साइट, म्हणजे भोकाची चकती आहे, पुढे नळीच्या टोकाला साधी माशी. बाकावर पोत्याचा आधार घेऊन शंभर यार्डांवर तीन गोळ्या दोन इंचांच्या आत बसतात. हरणासाठी याहून जास्त लागत नाही. पीप साइटबद्दल एक सांगते: भोकाकडे बघायचंच नाही. डोळा आपोआप मध्य शोधतो, तुम्ही फक्त माशी बघायची. पहाटेच्या अंधुक उजेडात मोठं भोक ठेवा, बारीक चकती काढून खिशात टाका.

रानातली गोष्ट वेगळी. आमच्या उत्तरेकडच्या काउंट्यांत डोंगर उभे, हेमलॉक आणि माउंटन लॉरेलची झाडी दाट. शंभर यार्ड मोकळे क्वचित मिळतात. हरीण दिसतं ते तुकड्यातुकड्याने: कान, मग पाठीची रेघ, मग काही नाही. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफल चालत नाही, त्यामुळे इथे हाताने काडतूस चढवायच्या बोल्ट, पंप आणि लिव्हर रायफलींचंच राज्य, आणि जुन्या ९९ अजून कितीतरी घरांतून निघतात. गेल्या हंगामात एक नर लॉरेलच्या कडेने उतरत आला, सत्तरेक यार्डांवर थांबला. सुरक्षेचा खटका सरकवला, माशी खांद्यामागे धरली, चाप ओढला. बार निघाल्याबरोबर हाताने लिव्हर फिरवलीही होती, रायफल खांद्यावरून न हलवता. दुसऱ्या गोळीची गरज पडली नाही, पण ती तयार होती. जखमी जनावर तडफडत ठेवायचं नसेल तर ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बोल्ट रायफलीत हात मागे नेताना माझा गाल दस्त्यावरून (खांद्याला लावायच्या लाकडावरून) उठतो, इथे उठत नाही.

(मटण म्हणून हे मांस करणार असाल तर त्यात चरबी जवळजवळ नसते. तेल सढळ हाताने, कांदा-खोबऱ्याचं वाटण, आमच्याकडचा कांदा-लसूण मसाला, आणि मंद आचेवर दोन तास. कुकरमध्ये घाई केली तर चामडं होतं.)

आता खटकणाऱ्या गोष्टी. चाप जड आहे आणि आजच्या रायफलींसारखा स्वच्छ सुटत नाही. आतली रचना अशी आहे की हलका करायचा तर जाणता गनस्मिथच (बंदुका दुरुस्त करणारा) हवा. खटका लिव्हरच्या बाजूला, चापाजवळ आहे. तो चाप आणि लिव्हर दोन्ही बांधून ठेवतो हे चांगलं, पण जाड हातमोज्यात तो सरकवायची सवय घरीच, रिकाम्या रायफलवर करावी लागते. १९६० नंतरच्या रायफलींत तो अंगठ्याखाली आला, ज्यांना हे जमत नाही त्यांनी त्या बघाव्यात. दस्त्याच्या टोकाला रबर नाही, कडक प्लेट आहे. पातळ शर्टवर बाकावरून वीस गोळ्या झाडल्या तर खांदा बोलतो. रानात जाड कोटावर तो धक्का कळतही नाही. रायफल रिकामी करायची तर लिव्हर फिरवत एकेक काडतूस बाहेर काढावं लागतं. गाडीत ठेवण्याआधी हे शांतपणे, नळी सुरक्षित दिशेला ठेवून करावं, आणि शेवटी चेंबरमध्ये बोट घालून बघावं.

सगळ्यात महत्त्वाचं, विकत घेताना दस्ता रिसीव्हरला मिळतो त्या जागी दोन्ही बाजूंनी लाकूड बघा. ९९ मध्ये तिथे चीर पडणं ही सर्वांना ठाऊक असलेली खोड आहे. दस्ता लांब स्क्रूने आतून आवळलेला असतो, तो सैल राहिला की प्रत्येक धक्क्याला लोखंड लाकडावर आपटतं. केसाएवढी चीर असली तरी भाव कमी करून घ्या आणि दुरुस्तीचा खर्च धरा. पुढच्या दस्त्याचं चोचीसारखं टोकही बघा, ते टवके उडालेलं असतं. नंतर कोणी रिसीव्हरवर जादा भोकं पाडली असतील तर संग्राहकाच्या लेखी किंमत पडते, पण वापरायला घेणाऱ्याला तीच रायफल स्वस्तात मिळते. नळीत उजेड धरून बघा. जुनी काडतुसं ज्या टोपीने उडायची ती गंज आणायची, आणि नंतर न पुसलेली नळी ते लपवत नाही. आतला फिरता दांडा मात्र हौसेने उघडू नका. त्याच्या स्प्रिंगला ठरावीक ताण देऊन बसवावं लागतं. साफसफाईसाठी तो उघडायची गरज पडत नाही, बोल्ट मागे घेऊन आत तेलाचा हलका फवारा पुरतो. तेल कमीच. पेनसिल्व्हेनियाच्या डिसेंबरात जास्त तेल घट्ट होतं.

भारतातल्या वाचकांसाठी एक वाक्य: तिकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच असावी. मी लिहिते आहे ते इथल्या परवान्याच्या, हंगामाच्या आणि टॅगच्या (मारलेल्या जनावराला लावायच्या चिठ्ठीच्या) चौकटीतलं.

काडतुसांचं काय? .३०० सॅव्हेज अजून बनतं, पण दुकानात .३०८चे डबे भिंतभर असतात तिथे याचा एखादाच असतो, आणि हंगामाच्या तोंडावर तोही नसतो. म्हणून उन्हाळ्यातच घ्या, एकाच लॉटचे दोन-तीन डबे एकदम, म्हणजे साइट पुन्हा जुळवावी लागत नाही. माझ्या रायफलला १५० ग्रेन मानवतं, १८० ग्रेन थोडं खाली आणि जरा पसरट जातं. घरी स्वतः काडतुसं बनवणार असाल तर या पुंगळीची मान आखूड आहे आणि फिरत्या दांड्यात लांबीला मर्यादा आहे. लांब गोळी बाहेर काढून बसवली तर ती दांड्यात मावणारच नाही. भरायच्या आधी एक डमी काडतूस, दारू आणि टोपीशिवाय, बनवून लिव्हरने फिरवून बघा. आणि झाडलेल्या पुंगळ्या उजवीकडे, दोन-तीन पावलांवर पडतात. बर्फात शोधायला वेळ लागला तरी उचला, नवीन पुंगळ्या सुट्या मिळणं काडतुसं मिळण्याहून कठीण झालं आहे.