दोस्ती निजामाच्या राज्यात की बहात्तरच्या दुष्काळात?

पाटलाचं पोरगं आणि सालगड्याचं पोरगं. त्यांच्या दोस्तीवर घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावा असा सिनेमा मराठवाड्यात करायचा, तर काळ कोणता घ्यावा? यावरून आमच्या घरात दोन तट पडले.

धाकट्या भावाला निजामाचं राज्य हवं. हाली सिक्का म्हणजे निजामाचं नाणं, शाळेत उर्दू, ढाळजेत म्हणजे वाड्याच्या दारातल्या बैठकीत बसलेला मालक आणि पायरीखाली उभा गडी. दिसायला देखणं, वादच नाही. पण १९४८ आलं की निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार येणारच, आणि सप्टेंबरातली भारत सरकारची पोलीस कारवाईही. ते सगळं सात वर्षांच्या लेकराला मांडीवर घेऊन बघवत नाही. शिवाय मोठ्यांचं राजकारण पोरांची गोष्ट गिळून टाकतं.

माझं मत १९७२ ला. विहिरी आटल्या तसे चांगले जमीनवालेसुद्धा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मालक आणि सालगडी एकाच मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर! एरवी हे कुणी लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं. आमची आजी अजून दुष्काळात वाटलेल्या सुकडीची चव सांगते, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीला नाक मुरडते. मला तर प्रसंगच दिसतो: सुकडीच्या रांगेत पाटलाचं पोरगं लाजून मागं सरकतंय, आणि रांगेची सवय असलेला दोस्त त्याची ताटली ओढून घेऊन पुढं होतोय.

पुढं पाऊस पडतो, वाडा पुन्हा वाडा होतो. तिथून पुढचं भावाला लिहायला सांगितलंय. तो अजून रुसलेला आहे.