बँकॉकमध्ये काही महिने रोजची ये-जा : रेल्वे, होड्या आणि रस्त्यावरचा शेवटचा किलोमीटर

काही महिने रोज वापरल्यावर मत पक्कं झालंय. बँकॉकमध्ये लांबचं अंतर रुळांवर किंवा पाण्यावर कापावं आणि रस्ता फक्त शेवटच्या किलोमीटरला वापरावा. संध्याकाळी पाच ते सात या वेळेत सुखुमवित रोडवर टॅक्सी असोक चौकाला लागली की सिग्नलचा एकेक टप्पा मिनिटांनी मोजावा लागतो. त्याच वेळी डोक्यावरून बीटीएस या उन्नत रेल्वेची गाडी निघून जाते.

आधी तिकिटांचा घोळ समजून घ्या, कारण नवखे सगळ्यात जास्त तिथेच अडकतात. बीटीएस (उन्नत मार्ग, १९९९ पासून), एमआरटी (मेट्रोची ब्लू लाइन, २००४ पासून) आणि विमानतळाची एअरपोर्ट रेल लिंक ही तीन वेगळी खाती आहेत. असोकला बीटीएसवरून एमआरटीत जायचं तर एका गेटमधून बाहेर पडून दुसऱ्या गेटमधून आत जावं लागतं आणि भाडंही नव्याने सुरू होतं. त्यामुळे नकाशावरचा सर्वांत जवळचा मार्ग सर्वांत स्वस्त असेलच असं नाही. एक बदल टाळण्यासाठी दहा मिनिटं चालणं बहुतेक वेळा परवडतं.

बीटीएससाठी रॅबिट कार्ड घ्या. ते खिडकीवर मिळतं आणि त्यासाठी मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. चार-पाच दिवसांहून जास्त राहणार असाल तर ते घ्याच, कारण गर्दीच्या वेळी तिकीट यंत्रांपुढे लांब रांगा असतात. हे कार्ड ब्लू लाइनवर चालत नाही. तिथे व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट गेटला टेकवता येतं. भारतीय कार्ड असेल तर निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय व्यवहार' आणि 'कॉन्टॅक्टलेस' हे दोन्ही पर्याय सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे ते आपोआप सुरू नसतात आणि गेट उघडलं नाही तर कारण बहुधा तेच असतं. आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवायचं. आत प्लास्टिकचं कार्ड आणि बाहेर फोनमधलं, असं केलं की यंत्र त्यांना दोन वेगळी कार्डं समजतं. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. कार्ड नसेल तर काळं गोल टोकन घ्या, आत जाताना ते टेकवा आणि बाहेर पडताना फटीत टाका.

बीटीएसचे दोन मार्ग जिथे मिळतात त्या सियाम स्टेशनचं गणित एकदा डोक्यात बसलं की बरीच धावपळ वाचते. खू खोट आणि नॅशनल स्टेडियमकडच्या गाड्या एकाच मजल्यावर समोरासमोर येतात, तर खेहा आणि बांग वा या दिशांच्या दुसऱ्या मजल्यावर. म्हणजे साला देंगहून मो चितला (खू खोटच्या दिशेला) जायचं असेल तर फलाट ओलांडायचा, आणि असोकहून सफान ताक्सिनला (बांग वा दिशेला) जायचं असेल तर मजला बदलायचा. मो चितवरून आठवलं : मो चित बस टर्मिनल या स्टेशनला लागून नाही. सामान घेऊन चालत निघालात तर बस चुकेल.

ब्लू लाइन नकाशावर वर्तुळासारखी दिसते, पण गाडी गोल फिरत नाही. तिचा आकार ९ च्या आकड्यासारखा आहे आणि गाठ था फ्रा स्टेशनला आहे, तिथे गाडी बदलावी लागू शकते. २०१९ मध्ये ही लाइन जुन्या शहरात पोहोचली, हे पाहुण्यांच्या दृष्टीने सर्वांत मोठं सुख. चायनाटाउनसाठी वाट मंगकोन (थाईत 'वाट' म्हणजे बौद्ध मंदिर), कपड्यांच्या पाहुरात बाजारासाठी साम योत आणि वाट फोसाठी सनाम चाय. ह्वाय ख्वांगला उतरलात तर चौकातच गणपतीचं देवस्थान आहे. सिलोमच्या महाउमादेवी मंदिरासाठी मात्र बीटीएसचं सुरासक स्टेशन धरा. विजयादशमीच्या रात्री तिथे मिरवणूक असते आणि सिलोम रोड वाहनांना बंद असतो, त्या दिवशी टॅक्सीचा विचारच नको.

नदीसाठी सफान ताक्सिन स्टेशनखालचा साथोन धक्का. इथे जरा सावध राहा. निळ्या झेंड्याची पर्यटक होडी महाग आहे आणि तिची तिकिटं पुढेच विकली जातात. रोजचे प्रवासी केशरी झेंड्याच्या होडीने जातात, तिचं भाडं अंतर कितीही असलं तरी एकच आणि अगदी थोडं असतं. पैसे सुटे ठेवा. राजवाड्यासाठी था चांग धक्का, वाट फोसाठी था तियेन. वाट अरुण समोरच्या काठावर आहे, तिथे जायला था तियेनहून छोटी नाव सुटते. संध्याकाळनंतर केशरी होड्या बंद होतात, तेव्हा परतीचा प्रवास एमआरटीने ठरवा.

सेन सेप कालव्याची होडी मला सर्वांत उपयोगी वाटली, आणि तीच पाहुण्यांना सर्वांत कमी ठाऊक असते. सुखुमवित भागातून जुन्या शहराकडे वाहतूककोंडीला वळसा घालून जाणारा हा आणखी एक मार्ग. प्रातुनामला होडी बदलायची आणि फान फा या शेवटच्या धक्क्यावर उतरायचं, तिथून गोल्डन माउंट चालत जवळ आहे. पाणी घाण आहे. शिंतोडे उडतात म्हणून बाजूची ताडपत्री दोरीने वर ओढायची असते. होडी धक्क्याला काही सेकंदच थांबते, त्यामुळे चढ-उतार पटकन करावी लागते. गुडघे दुखत असतील किंवा लहान मूल कडेवर असेल तर हा मार्ग टाळाच.

राहिला शेवटचा किलोमीटर. सुखुमवितच्या एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांकाच्या गल्ल्या आहेत, पण दोन्ही बाजूंचे आकडे समोरासमोर जुळतीलच असं नाही. गल्लीच्या तोंडाशी केशरी जाकिटातले मोटारसायकलवाले उभे असतात. भाडं आधी विचारा, हेल्मेट मागून घ्या. ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरून गाडी बोलावताना पिन रस्त्याच्या योग्य बाजूला टाका. दुभाजकामुळे यू-टर्न लांब असतो आणि चुकीच्या बाजूच्या पिनमुळे पंधरा मिनिटं सहज जातात. पाऊस सुरू झाला की ॲपवरचे दर चढतात, तेव्हा सियाम ते चित लोमच्या स्कायवॉकवरून चालत जाणं बरं.

सुवर्णभूमी विमानतळावरून एकटे असाल तर ४५ बाटमध्ये फाया थायपर्यंत रेल लिंक आणि पुढे बीटीएस. तिघे-चौघे आणि मोठ्या बॅगा असतील तर पहिल्या मजल्यावरच्या यंत्रातून चिठ्ठी घेऊन मीटर टॅक्सी घ्या. मीटरवर ५० बाट विमानतळ शुल्क आणि द्रुतगती मार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो, त्यात फसवणूक काही नाही. चिठ्ठी मात्र उतरेपर्यंत स्वतःजवळच ठेवा, तक्रार करायची वेळ आली तर गाडीचा क्रमांक त्यावरच मिळतो.