१,०५,००० रुपये आणि फोटोतला तो हात

आकडा आधीच सांगते, म्हणजे "किती गेले गं?" हा प्रश्न तरी मिटेल. डिपॉझिट ४०,०००. तीन महिन्यांची आगाऊ फी ५४,०००. 'असेसमेंट' ३,५००. 'सेन्सरी किट' ७,५००. एकूण १,०५,०००. मुलासाठी लावलेलं आफ्टरस्कूल सेंटर चाललं १९ दिवस. विसाव्या दिवशी दाराला कुलूप, ते चालवणाऱ्या मॅडमचा फोन बंद, आणि घरमालक मलाच विचारतोय, "भाड्याचं काय?"

हसायचं तर हसा, पण आधी आमची परिस्थिती ऐका. मुलगा आठ वर्षांचा, ऑटिझम आहे. शाळा साडेबाराला सुटते, आम्ही दोघं घरी पोचतो सातला. मधला वेळ सासूबाई सांभाळायच्या. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घडी विस्कटली. सिंहगड रोडवरची सहा पाळणाघरं पालथी घातली. "ताई, बाकीच्या मुलांचे आईबाबा कुरकुरतात हो." मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या मॅडम उगवल्या: 'स्पेशल मुलांसाठी आफ्टरस्कूल, आरसीआय मान्यताप्राप्त'. पंधरा तारखेच्या आत भरलं तर चौथा महिना फुकट.

आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषद. ती विशेष शिक्षक, थेरपिस्ट अशा माणसांची नोंदणी करते, त्यांच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. पाळणाघराला कसली मान्यता देणार! शिक्षिकेचा सीआरआर नंबर, म्हणजे तिथला नोंदणी क्रमांक, मागा आणि तिच्यासमोर बसून आरसीआयच्या वेबसाइटवर टाकून बघा. मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो काढला, नंबर काही तपासला नाही. शेजारी उद्यम नोंदणीची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या नोंदणीची, फ्रेम होती, तिला मॅडम 'सरकारी परवाना' म्हणत होत्या. ती नोंदणी ऑनलाइन, फुकट, आपली माहिती आपणच भरून होते. माझ्या बहिणीच्या मसाल्यांच्या धंद्याची मीच काढून दिली होती. तरी गप्प बसले.

आणि एक गोष्ट आता डोक्यात घण घालते. ज्या सहा जणींनी नाही म्हटलं, त्यांनी दहा प्रश्न विचारले होते. चावतो का, पळतो का, शी-शू सांगतो का, मिक्सरच्या आवाजाला घाबरतो का. या बाईंनी हो म्हणताना एकच विचारलं: "दोघंही नोकरी करता ना?"

रोज दुपारी फोटो यायचे. अकराव्या दिवशी ऑफिसात फोटो आला: मळलेली रंगीत माती आणि त्यात रुतलेला लहानसा हात. आमचा मुलगा कणकेला बोट लावत नाही, चिकट काही लागलं की किंचाळतो. मी फोटो मोठा करून बघितला. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी चावून चावून घट्टा पडलाय, दोन वर्षं आहे. फोटोतल्या डाव्या हाताला घट्टा नव्हता. मी तो हात बघितला, घट्टा नाही हेही बघितलं, आणि मनात म्हटलं, चला, चावणं कमी झालं वाटतं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला दाखवलासुद्धा. तिने "अरे वा" म्हटलं. त्याच आठवड्यात तो घरी "कुठेही जाऊ नका, भेटू ब्रेकनंतर" म्हणायला लागला. आमच्याकडे टीव्ही नाही. आम्ही नवरा-बायकोने आनंदाने एकमेकांकडे बघितलं: नवीन वाक्य! नंतर तिथल्या मावशींकडून कळलं, नऊ मुलं, एक खोली, एक टीव्ही.

मी मूर्ख नाही. बँकेत काम करते, लोकांना ओटीपी देऊ नका म्हणून बजावते. पण 'तुमचं मूल आम्ही घेतो' हे वाक्य तीन महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं होतं.

पैसे तीन वेगवेगळ्या नावांच्या यूपीआयवर गेले, 'मिस्टरांचा', 'भावाचा', 'सेंटरचा'. असं कोणी सांगितलं की तिथेच उठा. पावती साध्या कागदावर, शिक्का नाही.

आता पुढचा तमाशा. पहिल्या पोलिस चौकीत: "हे आमच्या हद्दीत येत नाही." दुसरीकडे: "सिव्हिल मॅटर आहे, वकील गाठा." दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १७३ मध्ये, स्पष्ट लिहिलंय. मी छापून नेलं. साहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. मग विचारलं, "मुलगा जबाब देईल का?" १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं, तुम्ही स्वतः भेटून, बघून पैसे दिलेत, हा सायबर गुन्हा कसा? एका सरकारी कार्यालयात तीन खेपा झाल्या. दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणीशिवाय चालवता येत नाही, दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्याचं कलम ५०, असं म्हटल्यावर तिथल्या बाई म्हणाल्या, "ते शाळांना असतं, पाळणाघर महिला-बालविकासकडे." महिला-बालविकासवाले म्हणाले, "अपंग आहे ना? मग तिकडे." माझं मूल यांच्या दोन टेबलांमधल्या फटीत पडलंय. प्रत्येक खेपेला अर्धा दिवस रजा, ती बिनपगारी.

आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही, वकील नसला तरी चालतं. डिपॉझिट एका महिन्याच्या फीपेक्षा जास्त मागितलं तर सरळ निघून या. आणि आठवड्यातून एकदा न सांगता, दुपारी तीनला जाऊन दार वाजवा. मला ते अपमानास्पद वाटलं होतं, 'मॅडमना काय वाटेल' म्हणून.

आम्ही नऊ पालक होतो. अर्जावर सहीला दोघी तयार आहेत. बाकीचे म्हणतात, नातेवाइकांत कळेल. अहो, माझ्या तर सासूबाईंना कळलंय, आणि त्या काठी टेकत पुन्हा साडेबाराला शाळेच्या फाटकाशी उभ्या राहतात. सही करायची असेल तर महिनाअखेरच्या आत कळवा, अर्ज त्यानंतर जाईल.